डाइकस्ट्रा आणि ताटांची चळत

डाइकस्ट्रा म्हटलं की आपल्याला शॉर्टेस्ट पाथ आठवतो, तोही परीक्षेच्या आदल्या रात्री. (नावाचा उच्चार मीसुद्धा दोन वर्षं चुकीचाच करत होते.) माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती एका क्रॅशमुळे.

एड्सखर डाइकस्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३०, हॉलंडमधल्या रॉटरडॅमचा. लायडनला फिजिक्स शिकता शिकता १९५२ मध्ये ते अ‍ॅमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये आले आणि प्रोग्रॅमिंगमध्येच रमले. १९५७ साली लग्नाच्या फॉर्मवर त्यांनी व्यवसाय प्रोग्रॅमर असा लिहिला, तर तो मान्यच झाला नाही! तिथे सहकारी मशीन बांधत असायचे आणि ते त्याच वेळी कागदावर प्रोग्रॅम लिहीत असायचे. दोघांमध्ये करार एकच, मशीन नेमकं काय करणार याचं लेखी वर्णन.

१९६० मध्ये त्यांनी झोनेवेल्ड यांच्याबरोबर एक्स-१ या मशीनसाठी अल्गोल ६० चा कंपायलर लिहिला. काम होईपर्यंत दाढी करायची नाही असं दोघांनी ठरवलं होतं. डाइकस्ट्रांची दाढी कायमची राहिली. अडचण होती रिकर्शनची. फंक्शनच्या व्हेरिएबल्सना मेमरीत ठरलेली जागा दिली, तर त्याने स्वतःलाच कॉल केल्यावर जुन्या किमती पुसल्या जातात. जर्मनीत बाउअर आणि सामेल्सन स्टॅक वापरत होतेच. डाइकस्ट्रांनी तो फंक्शन कॉल्सना लावला. प्रत्येक कॉलला मेसमधल्या चळतीसारखं वर नवीन ताट, काम संपलं की ते उचलायचं.

एक्स-१ मध्ये प्रत्येक पत्त्यावर २७ बिटांचा अख्खा शब्द असायचा, त्यामुळे बाइट अलाइनमेंटचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे मात्र पत्ता बाइटचा. ६४ बिट इंटेलवर लिनक्समध्ये कॉल करताना स्टॅक पॉइंटरला १६ ने भाग गेला पाहिजे. ३२ बिट एआरएमच्या करारात हाच आकडा ८. ६४ बिट एआरएमला पुन्हा १६, आणि तिथे प्रोसेसर स्वतःच तक्रार करू शकतो.

माझ्या छोट्या कंपायलरने इंटेलवर एका व्हेरिएबलसाठी ८ बाइट घेतले. प्रिंटएफने इंटिजर छान छापले आणि फ्लोट दिल्याबरोबर प्रोग्रॅम कोसळला! फ्लोटची रजिस्टर्स स्टॅकवर ठेवणाऱ्या इन्स्ट्रक्शनला १६ च्या पटीतलाच पत्ता लागतो. दोन रात्री मी प्रिंटएफला शिव्या घालत होते, आणि करार मोडला होता मीच. आता फ्रेमचा आकार वरच्या पटीत नेते, आणि तो आकडा प्रत्येक प्रोसेसरच्या फाइलमध्ये वेगळा लिहिते.

पुढे १९६२ ला आइंडहोवन, १९६८ चं गोटूविरोधी पत्र, १९७२ चा ट्युरिंग पुरस्कार, १९८४ पासून ऑस्टिन. फाउंटन पेनने लिहिलेल्या त्यांच्या टिपणांचा आकडा तेराशेच्या वर गेला. ६ ऑगस्ट २००२ ला नुएनेनच्या घरी ते वारले.