सॅम्युअल कोल्ट आणि अक्रोडाची मूठ

रिव्हॉल्व्हर म्हटलं की कोल्ट हे नाव आठवतंच. सॅम्युअल कोल्टचा जन्म १८१४ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथे झाला. १८३० मध्ये तो कलकत्त्याला निघालेल्या जहाजावर खलाशी म्हणून चढला आणि त्या सफरीत त्याने रिव्हॉल्व्हरचं लाकडी मॉडेल कोरलं. पुढे पैसे जमवायला हा पठ्ठ्या डॉक्टर बनून गावोगावी लोकांना लाफिंग गॅस हुंगवत फिरला! १८३६ मध्ये अमेरिकन पेटंट मिळालं, पॅटरसनला कारखाना निघाला. पण गिऱ्हाईकच नाही. १८४२ मध्ये कारखाना बंद! तिशीच्या आतच सगळं बुडालं. मात्र १८४७ मध्ये मेक्सिको युद्धासाठी सरकारने १००० रिव्हॉल्व्हर मागवली आणि गाडी रुळावर आली.

सुटे भाग मशीनवर बनत, पण शेवटचं फिटिंग हातानेच. १८५१ च्या नेव्ही मॉडेलची अक्रोडाची अखंड मूठ त्या-त्या पिस्तुलाला घासून बसवत आणि आत शाईने नंबर लिहीत. म्हणून आजही संग्राहक जुन्या नेव्हीसाठी तशीच मूठ शोधतात. गरुडाचं चित्र असलेली कडक रबराची मूठ त्यावर चालत नाही, कारण ती कोल्टच्या मृत्यूनंतरची!

१८६१ चं यादवी युद्ध पेटेपर्यंत त्याने उत्तर-दक्षिण दोघांनाही शस्त्रं विकली, हेही विसरून चालणार नाही. १८६२ मध्ये, ४७ व्या वर्षी तो गेला.

वर्कशॉपमध्ये जॉब बसत नसेल तर वैतागू नका. कोल्टचाही पहिला डाव बसला नव्हता!