अंधाराची भाषा टिपणारा शास्त्रज्ञ

मिट्ट काळोखात वटवाघूळ कशालाही न धडकता उडते कसे, या कोड्याने शास्त्रज्ञांना दीडशे वर्षे छळले. डोळे निकामी झालेली वटवाघळे सफाईने उडतात, पण कान बंद केले की धडपडतात, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीच्या स्पालान्झानी यांनी नोंदवले होते. मात्र माणसाच्या लेखी मुक्यानेच उडणारा हा प्राणी ऐकतो तरी काय, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. ते शोधून काढले अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्रिफिन यांनी.

३ ऑगस्ट १९१५ रोजी न्यूयॉर्क राज्यातील साउदॅम्प्टन येथे जन्मलेले ग्रिफिन हार्वर्ड विद्यापीठात शिकत असताना वटवाघळांना खुणेच्या पट्ट्या बांधून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करीत. कीटकांचे श्राव्यातीत ध्वनी टिपणारे यंत्र तेथील भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज पिअर्स यांनी तयार केले होते. १९३८ मध्ये ग्रिफिन यांनी वटवाघळांचा पिंजरा त्या यंत्रासमोर ठेवला आणि मूक समजला जाणारा जीव प्रत्यक्षात बोलका असल्याचे उघड झाले. मात्र उडत्या वटवाघळांचा ध्वनी यंत्राला क्वचितच सापडे, कारण त्याचा ध्वनिग्राहक ठराविक दिशेचेच ऐकत असे. पुढे रॉबर्ट गॅलाम्बॉस यांच्यासमवेत केलेल्या प्रयोगांत कान किंवा तोंड बंद केलेली वटवाघळे टांगलेल्या तारांवर आदळू लागली, आणि ती प्रतिध्वनीवरून वाट काढतात हे सिद्ध झाले. अनेक जाणकारांनी प्रथम त्यावर अविश्वासच दाखवला. या क्षमतेला ‘इकोलोकेशन’ हे नाव ग्रिफिन यांनीच १९४४ मध्ये दिले.

तरीही प्रयोगशाळेतले सत्य अपुरे होते. कॉर्नेल विद्यापीठात असताना, १९५० च्या दशकाच्या आरंभी, त्यांनी अवजड उपकरणे मोटारीत घालून इथाकाजवळचे तळे गाठले. तेथे मुक्त वटवाघळांचे ध्वनी नोंदवताना एक अनपेक्षित गोष्ट दिसली. कीटक जवळ येताच सेकंदाला सुमारे दहा असलेले ध्वनिस्पंद शंभराच्याही पुढे जात. प्रतिध्वनी केवळ अडथळे चुकवण्यासाठी नसून चिमुकले भक्ष्य हेरण्यासाठीही आहे, हे बंद खोलीत न उमगलेले रहस्य तळ्याकाठी उलगडले. १९५८ मध्ये त्यांनी हे सारे संशोधन ग्रंथरूपाने मांडले.

हार्वर्ड व रॉकफेलर विद्यापीठांतही त्यांनी अध्यापन केले. १९७६ मध्ये प्राण्यांनाही जाणीव असू शकते, असा विचार मांडून त्यांनी नव्याने टीका ओढवून घेतली. पण ते मागे हटले नाहीत. ७ नोव्हेंबर २००३ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ज्या कामासाठी त्यांना मोटारभर साहित्य न्यावे लागले, ते आज झाडाला बांधलेले छोटेसे ध्वनिमुद्रक यंत्र रात्रभर करते. २००६ पासून उत्तर अमेरिकेत बुरशीजन्य ‘व्हाइट-नोज’ रोगाने लाखो वटवाघळे दगावली. कोणत्या जाती कोठे तगून आहेत, याचा माग काढताना संशोधक प्राण्याला हातही न लावता या ध्वनिमुद्रणांचा आधार घेतात. त्या यंत्रांतून उमटणाऱ्या प्रत्येक नोंदीत ग्रिफिन यांच्या चिकाटीचा वाटा आहे.