राजवाडे यांचे साधनसंशोधन आणि द्रव्यबळाचा प्रश्न

राज्यसत्ता संशोधनावर पैसा कशासाठी खर्च करते, यावर संशोधनाचे केवळ प्रमाणच नव्हे, तर त्याचे रूपही अवलंबून असते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६) यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. पुण्याचे पेशवे दप्तर सरकारच्या ताब्यात होते. त्याच्या जपणुकीवर सरकार खर्च करी; परंतु एतद्देशीय अभ्यासकांस ते मोकळेपणाने पाहावयास मिळत नसे. साहजिकच राजवाडे खाजगी घराण्यांच्या दप्तरांकडे वळले.

डेक्कन कॉलेजातून पदवी घेतलेल्या या गृहस्थाने नोकरीचा मार्ग लवकरच सोडला. पत्नीच्या अकाली निधनानंतर पुन्हा विवाह केला नाही. हाताने स्वयंपाक करीत, गावोगाव पायपीट करीत त्याने कागद मिळविले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, पुढे खंडांची संख्या बावीस झाली. यांतील काही खंड कोल्हापुरातून, राजाराम कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या ‘ग्रंथमाला’ मासिकाने प्रसिद्ध केले. कॉलेज संस्थानचे, मासिक मात्र वर्गणीदारांचे! सरकारी अनुदानाची जागा मराठी वाचकाच्या वर्गणीने घेतली, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात पुरेशी नोंदली गेलेली नाही.

या व्यवस्थेच्या खुणा खंडांवर स्पष्ट दिसतात. कागद जसे हाती आले तसे छापावे लागले. विषयवार मांडणीस ना सवड होती, ना मदतनीस. विद्यापीठीय व्यासपीठ नसल्याने सारे चिंतन प्रस्तावनांत साठले, आणि त्या प्रस्तावनाच स्वतंत्र ग्रंथांच्या योग्यतेच्या झाल्या. अर्थात दोष सर्वस्वी सरकारचा नव्हे. मराठीतच लिहिण्याचा राजवाड्यांचा निग्रह आणि त्यांचा तापट स्वभाव यांमुळेही राजाश्रय दुरावला. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ त्यांच्याच पुढाकाराने स्थापन झाले. तेथेही ते फार काळ रमले नाहीत.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर चारच वर्षांनी, १९३० पासून, सरकारने स्वखर्चाने गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागद छापण्यास आरंभ केला. १९३४ पर्यंत ४५ खंड बाहेर पडले. त्यांतील मांडणी विषयवार आहे. प्रस्तावना मात्र त्रोटक आहेत.