बालगंधर्वांचा शालू: वेशभूषेचा कोर्स नव्हता, तेव्हा ती शिकवली कोणी?

जळगाव-धुळ्यातल्या एखाद्या मुलीला आज नाटकाच्या वेशभूषेचे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे असेल, तर बहुधा पुणे, मुंबई किंवा दिल्लीचे तिकीट काढावे लागते. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू झाले १९५९ मध्ये. त्याआधी मराठी रंगभूमीवर कपडे कसे असावेत, हे ठरवत होती नाटक मंडळी आणि त्यातले नट. त्यात सर्वांत मोठे नाव नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व यांचे.

जळगावशी नाते काय?

जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी ते शिक्षणासाठी जळगावला नातेवाइकांकडे राहिले. शाळेपेक्षा गाण्यातच अधिक रमले आणि मेहबूब खाँ यांच्याकडे त्यांनी संगीताचे पहिले धडे घेतले. पुढे त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी या मुलाला बालगंधर्व म्हटले आणि तेच नाव कायमचे चिकटले.

१९०१ मध्ये भाऊराव कोल्हटकर गेले आणि किर्लोस्कर मंडळीला गाणाऱ्या नायिकेची उणीव भासू लागली. १९०५ मध्ये नारायणराव मंडळीत आले आणि शकुंतला म्हणून उभे राहिले.

पुरुषाला स्त्री दाखवायचे कसे?

खरी गंमत इथे आहे. त्या काळी स्त्रिया नाटकात काम करत नसत. स्त्रीपार्टी नट लुगडे नेसून उभा राही. पुरुषाचे खांदे रुंद, हात राठ. बालगंधर्वांची छायाचित्रे मोबाइलवर मोठी करून पाहा. नऊवारीचा पदर खांद्यांवरून सैल घेतलेला, अंबाडा, त्यावर फुले, नजर किंचित खाली. झाकायचे ते झाकले आहे, पण झाकल्यासारखे वाटत नाही. वेशभूषेच्या विद्यार्थ्याला आजही हेच शिकायचे असते.

परिणाम असा झाला, की घरंदाज बायका रंगमंचावरच्या या पुरुषाकडे पाहून पदर घेऊ लागल्या, केस बांधू लागल्या. राजा रविवर्म्याच्या चित्रांतल्या स्त्रिया घरोघरी पोहोचल्या होत्याच. बालगंधर्वांनी तसे रूप चालते-बोलते केले.

१९११ मध्ये ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. भामिनीचे दागिने घालून ते रंगमंचावर गेले. मोठेपणा म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. वाचताना मात्र घशाशी आवंढा येतो.

मग कर्ज कशाने झाले?

१९१३ मध्ये गणेशपंत बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी निघाली. ‘स्वयंवर’ची रुक्मिणी, ‘द्रौपदी’ची राणी. भरजरी वस्त्रे, भारी पडदे, प्रेक्षागृहात अत्तराचा घमघमाट. १९२० च्या ‘द्रौपदी’वर तर पाण्यासारखा पैसा ओतला गेला. दोघेही भागीदार पुढे बाहेर पडले, मंडळी कर्जात बुडाली आणि ते फेडता फेडता वर्षे गेली. हिशेबाच्या बाबतीत नारायणराव अगदीच भोळे होते, हे त्यांच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागेल. वेशभूषाकाराला कात्रीइतकेच बजेट महत्त्वाचे असते, ते यासाठी.

पण एवढ्यावरून त्यांना फक्त भपका कळत होता असे ठरवणे चूक. १९१९ च्या ‘एकच प्याला’त ते दारुड्याची बायको सिंधू झाले. तिथे शालू नाही, दागिने नाहीत. गरिबीचे लुगडे नेसून दळण दळणारी बाई. प्रेक्षक रडत, तो याच वेशातल्या सिंधूला पाहून.

शालू उतरला केव्हा?

बोलपट आले आणि नाटकांचा प्रेक्षक ओसरला. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते संत एकनाथ झाले, पुरुषवेशात. लोकांच्या डोळ्यांना ते रुचले नाही. ते पुन्हा रंगमंचावर परतले, पुन्हा लुगडे नेसले. पण वय आता कोणत्याही पदराआड लपत नव्हते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. आता बाईच बाईची भूमिका करू लागली होती.

१९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६४ मध्ये पद्मभूषण. उतारवयात पायांनी साथ सोडली होती. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

जळगावात त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे आणि बालगंधर्व संगीत महोत्सवही भरतो. रसिक तिथे जातात ते गाणे ऐकायला.