पर्ल बक : मौन सोडणारी आई

पर्ल बक हे नाव वाचकांना 'द गुड अर्थ' या कादंबरीमुळे परिचित आहे. या कादंबरीस 1932 साली पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि 1938 साली त्यांना साहित्याच्या नोबेल पुरस्काराने गौरविण्यात आले. मात्र ज्या लेकीसाठी त्यांनी लेखणीलाच उपजीविकेचे साधन केले, तिची कहाणी आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

पर्ल यांचा जन्म 26 जून 1892 रोजी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात झाला. वडील मिशनरी असल्याने त्यांचे बालपण चीनमध्ये गेले. 1917 साली कृषितज्ज्ञ जॉन लॉसिंग बक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि 1920 साली कॅरोल ही कन्या जन्मली. दिसावयास सुंदर असे ते मूल वाढत्या वयातही बोलेना. आईने एकामागून एक डॉक्टर पालथे घातले. अखेर अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये, इतरांनी मोघम धीर दिल्यानंतर, एका डॉक्टरने त्यांना बाजूस घेऊन स्पष्ट सांगितले की हे मूल कधीही सर्वसामान्य होणार नाही. ते शब्द कठोर होते. परंतु खोट्या आशेपासून मुक्त करणाऱ्या त्या माणसाचे ऋण पर्ल यांनी पुढे आयुष्यभर मानले.

तरीही आईचे मन सहज हार मानीत नव्हते. त्यांनी मुलीला लिहावयास शिकविण्याचा ध्यास घेतला. एके दिवशी तिचा हात हातात धरून अक्षर गिरविताना तो चिमुकला हात घामाने भिजलेला त्यांना जाणवला. मुलीला काहीच कळत नव्हते. केवळ आईला आनंद व्हावा म्हणून ती जिवाचा आटापिटा करीत होती. त्याच क्षणी पर्ल यांनी पुस्तके मिटली. मुलाच्या कुवतीपलीकडची अपेक्षा हीदेखील एक प्रकारची हिंसाच असते, हे त्यांना उमगले.

आपल्यानंतर हिचे कोण, हा प्रश्न उरलाच. अनेक संस्था पाहिल्यावर 1929 साली त्यांनी न्यू जर्सीतील व्हाइनलँड ट्रेनिंग स्कूल निवडले, कारण तेथे मुलांच्या आनंदाला शिकवणीपेक्षा अग्रस्थान होते. नऊ वर्षांच्या लेकीला तेथे ठेवून परतताना त्या मातेच्या मनाची काय अवस्था झाली असेल, हे निवासी शाळेच्या दारातून मागे वळणाऱ्या पालकांना सांगावयास नको. शाळेचा खर्च मोठा होता. तो भागविण्याची निकड त्यांच्या लेखनामागे होती. 'द गुड अर्थ'मधील वांग लुंगची मतिमंद कन्या याच वेदनेतून साकारली.

असे असूनही कॅरोलविषयी जाहीरपणे बोलण्यास त्यांना बरीच वर्षे लागली. त्या काळी अमेरिकेत अशी मुले घराण्याचा कलंक समजून लपविली जात. नोबेल मिळविलेली लेखिकाही त्या लज्जेतून सुटली नव्हती. अखेर 1950 साली 'द चाइल्ड हू नेव्हर ग्रू' हे छोटे पुस्तक लिहून त्यांनी मौन सोडले. त्याच वर्षी अशा मुलांच्या पालकांनी मिनियापोलिस येथे एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना स्थापन केली. एकेकटी कुढणारी कुटुंबे शिक्षण हा आपल्या मुलांचा हक्क आहे, असे सांगू लागली. सर्व दिव्यांग बालकांना शाळेचे दार खुले करणारा अमेरिकेतील कायदा 1975 साली झाला. तो पाहण्यास पर्ल नव्हत्या. 6 मार्च 1973 रोजी त्यांचे निधन झाले होते.

कॅरोलचा आजार फिनाइलकीटोन्यूरिया हा होता. त्याचा शोध नॉर्वेतील फॉलिंग यांनी 1934 साली लावला. तोवर ती चौदा वर्षांची झाली होती. आज नवजात बाळाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबांवरून तो ओळखता येतो आणि विशिष्ट आहाराने मेंदूची हानी टाळता येते. कॅरोलला ते भाग्य लाभले नाही. ती 1992 पर्यंत व्हाइनलँडमध्येच राहिली.

पर्ल बक यांना आपली मुलगी बरी करता आली नाही. मात्र अशा मुलाचे नाव मान ताठ ठेवून घेण्याचे बळ त्यांनी असंख्य पालकांना दिले. ज्या घरात असे मूल आहे, त्या घराशी शेजाऱ्यांनी आणि शाळेने कसे वागावे, याचा विचार करताना हे चरित्र स्मरणात असावे.