विश्लेषण : युद्धाला विरोध करणाऱ्या एच. जी. वेल्स यांनी युद्धाचा खेळ का लिहिला?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेच्या पहिल्याच भागात चार मुले तळघरात टेबलाभोवती बसून एका राक्षसाशी लढताना दिसतात. आगीचा गोळा फेकायचा की बचावाचा मंत्र वापरायचा, यावर त्यांची आरडाओरड चालते, फासा पडतो आणि घरंगळत जातो. तो खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. १९७४ मध्ये अमेरिकेत आलेल्या या खेळातील लढाईची वंशावळ शोधत मागे गेले, की वाटेत एक अनपेक्षित नाव लागते. ‘द टाइम मशीन’ आणि ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ लिहिणारे एच. जी. वेल्स. जागतिक शांततेसाठी आयुष्यभर लेखणी झिजवलेल्या या लेखकाने १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियमपुस्तक काढले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

वेल्स कुठून आले?

हर्बर्ट जॉर्ज वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी इंग्लंडमधील ब्रॉम्ली येथे झाला. वडील जोसेफ यांचे चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान होते आणि ते फारसे चालत नसे. घर तगले ते बरेचसे क्रिकेटवर. केंटकडून खेळताना जोसेफ यांनी १८६२ मध्ये ससेक्सविरुद्ध सलग चार चेंडूंवर चार बळी घेतले होते. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये असे करणारे ते पहिलेच. लेखक वेल्सचे चाहते असलेल्या अनेक क्रिकेटवेड्यांनाही हे ठाऊक नसते. लहानपणी पाय मोडून अंथरुणाला खिळल्यामुळे हर्बर्टला वाचनाची गोडी लागली. पुढे वडिलांचाच पाय मोडला, क्रिकेटचे उत्पन्न थांबले. आईने एका जमीनदाराच्या वाड्यावर घरव्यवस्थेची नोकरी धरली आणि मुलाला कापडाच्या दुकानात उमेदवारीला ठेवले. तेथील दिवसभराच्या राबण्याचा त्यांना मनापासून तिटकारा होता. त्यातून सुटका झाली ती शिष्यवृत्तीमुळे. १८८४ मध्ये ते लंडनला विज्ञान शिकायला गेले आणि टी. एच. हक्स्ली यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकले. १८९५ मध्ये ‘द टाइम मशीन’ प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर दुकानाकडे परत पाहण्याची वेळ आली नाही.

जमिनीवरची लढाई कशी सुरू झाली?

पैसा आल्यावर वेल्स यांनी केंटच्या किनाऱ्यावर सँडगेट येथे घर बांधले. जिप (जन्म १९०१) आणि फ्रँक (जन्म १९०३) ही दोन मुले तिथेच वाढली. बाप मुलांसोबत जमिनीवर लाकडी ठोकळ्यांची शहरे आणि बेटे उभारत असे. त्यावर १९११ मध्ये ‘फ्लोअर गेम्स’ हे छोटे पुस्तक निघाले. लढाईचे निमित्त मात्र एका पाहुण्याचे. दुपारच्या जेवणानंतर या गृहस्थांनी स्प्रिंगवर चालणारी खेळण्यातली तोफ उचलली, लाकडी गोळी भरली आणि समोरचा शिशाचा सैनिक टिपला. वेल्स यांनी त्यांची ओळख फक्त आद्याक्षरांनी दिली आहे. ‘थ्री मेन इन अ बोट’चे लेखक जेरोम के. जेरोम हेच ते, असे मानले जाते. नेम लागल्याबरोबर दोन प्रौढ माणसे जमिनीवर पालथी पडून एकमेकांच्या सैन्यावर गोळ्या झाडू लागली. इथपर्यंत तो नुसता पोरखेळ होता. वेल्स यांनी त्याला नियम दिले, ते मोडून पाहिले, पुन्हा बांधले. त्यातून ‘लिटल वॉर्स’ तयार झाले.

नियमांत विशेष काय होते?

सैन्य मांडताना मधोमध पडदा टाकायचा, म्हणजे शत्रूची रचना दिसत नाही. पडदा काढला की आळीपाळीने खेळायचे. पायदळाने एका खेपेत एक फूट सरकायचे, घोडदळाने दोन फूट. तोफेजवळ सहा इंचांच्या आत किमान चार सैनिक असतील तरच ती चालणार. एका खेपेत तिने एक तर जास्तीत जास्त चार गोळ्या झाडायच्या, नाहीतर जागा बदलायची, दोन्ही नाही. गोळी लागून पडलेला सैनिक मेला. तिथे फासा नाही, कोष्टक नाही, वादही नाही.

वाद होता तो हातघाईच्या लढाईत. दोन तुकड्या भिडल्या तर कोण जिंकले हे कसे ठरवायचे? सुरुवातीला ते नाणे उडवून पाहत. पण त्यामुळे चांगली चाल रचणाऱ्याला दैवाचा फटका बसे. अखेर वेल्स यांनी दैवच बाहेर काढले. माणसामागे माणूस मरणार आणि मदतीपासून तुटलेल्या, संख्येने फारच कमी असलेल्या तुकडीतले लोक कैदी होणार. त्यामुळे संख्या, जागा आणि वेळ यांना महत्त्व आले. ज्याने तुकडी एकटी पुढे पाठवली, त्याने ती गमावली.

दुसरी अडचण वेळखाऊपणाची होती. विचार करत बसणाऱ्या खेळाडूमुळे लढाई थंड पडते, हे त्यांच्या लवकर लक्षात आले. उपाय म्हणून प्रत्येक खेपेला घड्याळ लावले; सैन्य जितके मोठे तितकी मिनिटे जास्त. वेळ संपली की हात वर. हलवायचे राहून गेलेले सैनिक जागीच उभे राहिले. माझ्या मते पुस्तकातला सर्वांत शहाणपणाचा नियम हाच. या घाईत चुका होतात आणि खऱ्या सेनापतीचा गोंधळ घरातल्या सतरंजीवर उतरतो.

तोपर्यंत असा खेळ नव्हता का?

होता, पण लष्करात. प्रशियाचे लेफ्टनंट गेऑर्ग फॉन राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये नकाशावर खेळायचा ‘क्रीगस्पील’ सिद्ध केला. त्यात फासे होते, नुकसानीची कोष्टके होती आणि दोन्ही बाजूंचे हुकूम ऐकून निकाल देणारा पंच होता. अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात तो पुढे अनेक देशांनी उचलला. वेल्स यांना तो रटाळ वाटे. त्यांचे पुस्तक घरातल्यांसाठी होते. त्याचे लांबलचक उपशीर्षक मात्र मुलग्यांसाठी होते. मुलींपैकी फक्त मुलग्यांचे खेळ आवडणाऱ्या जास्त हुशार मुलींना त्यात जागा होती. मताधिकारासाठी इंग्लंडमधल्या स्त्रिया तुरुंगात जात होत्या त्या काळात, आणि स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्याने हे लिहावे, हे खटकतेच.

मग शांततेचे काय?

‘लिटल वॉर्स’च्या अखेरीस वेल्स आपला हेतू उघड करतात. खेळातली लढाई रंगते, पण कुणाचा देह फाटत नाही, गाव जळत नाही. खरे युद्ध जगातला सर्वांत महागडा मूर्खपणा आहे, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा युद्धखोर राजे आणि चेकाळलेले देशभक्त यांना एका मोठ्या दालनात कोंडावे, जमिनीवर सतरंजी अंथरावी, पाडायला भरपूर छोटी घरे आणि झाडे द्यावीत आणि आपण आपापल्या कामाला लागावे, असे ते सुचवतात.

ऑगस्ट १९१४ मध्ये हाच माणूस युद्धाच्या बाजूने लिहू लागला. जर्मन लष्करशाही मोडली की युद्धच संपेल, असा त्यांचा हिशेब होता. युद्ध संपवणारे युद्ध ही कल्पना लोकांच्या तोंडी बसवण्यात त्यांच्या लेखांचा मोठा वाटा होता. १९१८ मध्ये काही काळ त्यांनी सरकारच्या प्रचार खात्यातही काम केले. जिप आणि फ्रँक वयाने लहान होते, म्हणून वाचले. १९१६ च्या ‘मिस्टर ब्रिटलिंग सीज इट थ्रू’ या कादंबरीत मात्र लेखक असलेल्या नायकाचा मुलगा आघाडीवर मारला जातो आणि बाप शेवटी मेलेल्या एका जर्मन तरुणाच्या आईवडिलांना पत्र लिहायला बसतो. युद्ध संपवणारे युद्ध म्हणून जे विकले गेले, त्याची चेष्टा वेल्स यांना पुढे हयातभर ऐकावी लागली. १९१४ च्याच ‘द वर्ल्ड सेट फ्री’मध्ये त्यांनी अणुबॉम्बची कल्पना मांडली होती. हिरोशिमानंतर एक वर्षाने, १३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

आजच्या टेबलावर त्यातले काय उरले?

शिशाचे सैनिक घेऊन लढणाऱ्यांची मंडळे इंग्लंड-अमेरिकेत वाढत गेली. अशाच एका वर्तुळातील गॅरी गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्यासह १९७१ मध्ये ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढाईचे नियमपुस्तक काढले. त्याच्या पुरवणीत ड्रॅगन आणि जादूगार होते. मग डेव्ह आर्नेसन यांच्यासह ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आले. इथे खेळाडूच्या हाती सैन्य नव्हते, एकच पात्र होते. ते एका फटक्यात मरून चालणार नव्हते, म्हणून सोसण्याची ताकद आकड्यांत मोजणारे ‘हिट पॉइंट्स’ आले. वार लागला की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवू लागला. वेल्स यांनी हाकललेले दैव असे परत आले, आणि राइसविट्झचा पंच ‘डंजन मास्टर’ होऊन पडद्यामागे बसला.

‘लिटल वॉर्स’ची नवी आवृत्ती २००४ मध्ये निघाली तेव्हा तिची प्रस्तावना गायगॅक्स यांनी लिहिली आणि आपल्या खेळांवरचे या पुस्तकाचे ऋण मान्य केले. टेबलावरची लढाई रेंगाळते ही तक्रार आजही सगळीकडे ऐकू येते. कुणी वही चाळत बसते, कुणी मंत्राचा नियम शोधते. अशा वेळी अनेक डंजन मास्टर वाळूचे घड्याळ उलटे करून मधोमध ठेवतात. वाळू संपेपर्यंत ठरले नाही, तर त्या पात्राची खेप गेली.