विश्लेषण : मुलांचा भत्ता आईच्याच हाती का? काय होती एलिनॉर रॅथबोन यांची लढाई?

मुलांसाठी सरकारने दिलेले पैसे घरात कोणाच्या हाती पडावेत, वडिलांच्या की आईच्या? ब्रिटनमध्ये १९४५ साली यावरून संसदेत वाद पेटला. तो पेटवणाऱ्या होत्या सत्तरी ओलांडलेल्या अपक्ष खासदार एलिनॉर रॅथबोन.

कोण होत्या रॅथबोन?

लिव्हरपूलच्या सधन व्यापारी घराण्यातला त्यांचा जन्म १८७२ चा. ऑक्सफर्डमध्ये शिकल्या, पण पदवी नाही. तेव्हा तिथे मुलींना ती देतच नसत. १९०९ मध्ये लिव्हरपूल नगर परिषदेवर निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला. भारतातील बालविवाहांवरही त्यांनी पुस्तक लिहिले. मात्र इथल्या काही स्त्री कार्यकर्त्यांना त्यांचा उपदेशाचा सूर खटकला होता.

युद्धाने काय दाखवले?

१९१३ मध्ये त्यांनी सरकारी मदतीवर जगणाऱ्या लिव्हरपूलमधील विधवांची पाहणी प्रसिद्ध केली. मदत तुटपुंजी, वर चौकशीचा जाच. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. आघाडीवरच्या सैनिकांच्या पत्नींना सरकार दर आठवड्याला भत्ता देऊ लागले. मुले जास्त तर रक्कम जास्त. बायका हा पैसा दारूत उडवतात, अशी ओरड झाली. या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या रॅथबोन यांना दिसले ते उलटेच. घर एकटीने चालवणाऱ्या आईकडे नेमाने पैसा आला, की तो मुलांच्या खाण्या-कपड्यांवर जात होता.

अविवाहित कामगार आणि पाच मुलांचा बाप यांना पगार सारखाच, मग मुलांनी जगायचे कशावर? १९२४ च्या ‘द डिसइनहेरिटेड फॅमिली’ या पुस्तकात त्यांनी हाच हिशेब मांडला. १९२५ मध्ये विधवांना आठवड्याला १० शिलिंग पेन्शन मंजूर झाले, मुलांचे वेगळे. पण ते विमाधारक कामगारांच्या विधवांना. नवऱ्याने टाकलेल्या किंवा अविवाहित मातांना त्यात जागा नव्हती.

१९४५ मध्ये काय घडले?

कुटुंब भत्ता विधेयकात पैसे वडिलांच्या नावे होते. तसेच राहिले तर आयुष्यभर मागितलेल्या कायद्याविरुद्धच मत देऊ, असे रॅथबोन यांनी बजावले. सरकारने माघार घेतली. पैसे आईला मिळणार हे ठरले. मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग, तेही दुसऱ्या मुलापासून. म्हणजे एकच मूल असलेल्या एकल आईला या योजनेतून काहीच नाही!

जानेवारी १९४६ मध्ये रॅथबोन यांचे निधन झाले. पहिला हप्ता त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयांच्या हाती पडला. सर्वच कुटुंबांतल्या पहिल्या मुलाला लाभ मिळायला मात्र १९७७ साल उजाडले.